एका पेटीत दोन फडकी

सोमवार, ४ मार्च

ही वही डॉक्टरीणबाईंनी घ्यायला लावली. छातीत धडधडलं की वेळ लिहायची, त्याआधी काय झालं ते लिहायचं, आणि महिन्याभराने आणून दाखवायची. मी विचारलं, गोळीवर भागणार नाही का? तर म्हणाल्या, गोळी कशावर द्यायची ते आधी कळू दे. शिकलेल्या बाईपुढे काय बोलणार?

आजची धडधड: सकाळी साडेदहा. कारण: वाचनालयाचे अध्यक्ष.

सगळं लिहा म्हणाल्यात, तर लिहिते. खाली भावाचा फर्निचरचा कारखाना, वर आम्ही राहतो, मधे एकच लाकडी जिना. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पन्नाशीला टेकला तरी माझ्या लेखी धाकटाच. भावजय दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते, तिला यायला सात वाजतात. त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाठांतर असं कर्कश करते की मी तिचं नाव टिटवी ठेवलंय. मी नवरा गेल्यावर बारा वर्षांपूर्वी इथे आले, आणि आल्या दिवशी झाडू हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. भावाच्या घरात बहिणीने उपयोगाला यावं. नाही आली तर लोक हाकलत नाहीत, सोसतात. त्यापेक्षा हाकललेलं बरं.

तर अध्यक्ष. वाचनालयाची चोवीस टेबलं आणि आठ दारं आपल्याकडे आलीत. त्यांना फवाऱ्याचं चकचकीत पॉलिश नको, हाताने चोळलेलं अळशीचं तेल हवं. गृहस्थ गाडीतून उतरले आणि अंगणातल्या तारेकडे बघून म्हणाले, "कावळे मारून टांगलेत की काय?" सगळे हसले. धाकटाही हसला.

ते कावळे म्हणजे पॉलिशची फडकी. आमचे मिस्त्री एकतीस वर्षं पॉलिश करतायत. काम संपलं की प्रत्येक तेलकट फडकं वेगळं, मोकळं, स्वतंत्र चिमटा लावून तारेवर टांगतात. बाबांनी घालून दिलेली रीत. बाबा म्हणायचे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत आणि एका पेटीत दोन फडकी. बाबांना सगळ्याचीच थट्टा. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता, त्याचंही विचारलं तर म्हणायचे, चहाच्या पातेल्याने मुका घेतला.

ती तार मी काढणार आहे.

गुरुवार, ७ मार्च

तार निघाली. उरलेल्या प्लायची पेटी धाकट्याकडून करून घेतली. झाकण, बिजागऱ्या, सगळं. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत अशी बसली की जणू तिथेच जन्मली. संध्याकाळी मी स्वतः सगळी फडकी रुमालासारखी चौघडी करून एकावर एक रचली. तेल गळू नये म्हणून तळाला भुशाचा चांगला वीतभर थर दिला. बघून डोळे निवले.

मिस्त्री बघत उभे होते. म्हणाले, बाबांनी मोकळी टांगायला सांगितलं होतं. मी विचारलं, का? ते म्हणाले, सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो पण कारण? तर पुन्हा तेच. एकतीस वर्षं एक गोष्ट करायची आणि का ते विचारायचं नाही, याला काय म्हणावं?

धाकटा खुशीत आहे. दुकानदाराने नवीन तेल दिलंय, त्यात आधीच ड्रायर घातलेला. पूर्वी टेबल वाळायला दोन दिवस लागायचे, आता सकाळी चोळलं की संध्याकाळी हात फिरवून घ्या. धडधड नाही.

रविवार, १० मार्च

टिटवीचं रसायन. पुस्तक माझ्या हातात, ती येरझाऱ्या घालत म्हणते. अभिक्रियेचा वेग कशाकशावर? पदार्थ कोणता, किती दाट, कण किती बारीक, तापमान, आणि उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे वेग वाढवतो पण स्वतः खर्च होत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखा. ती म्हणाली, आत्या, तू खर्च होत नाहीस, पण दुसऱ्यांना करतेस. कार्टी.

"कण किती बारीक" हे ती दर वेळी विसरते. मग उष्मादायी अभिक्रिया. लोखंड गंजतानासुद्धा उष्णता बाहेर पडते म्हणे, पण इतकी सावकाश की निघून जाते, हाताला कळत नाही. मी म्हटलं, हाताला कळत नाही ती उष्णता कसली? ती म्हणाली, निघून गेली नाही, साठत राहिली, तर कळेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट, म्हणजे आणखी उष्णता, म्हणजे आणखी वेग. मी पुस्तकात बघून मान डोलावली. बरोबर म्हणत होती.

गुरुवार, १४ मार्च

धडधड: दुपारी तीन चाळीस. जिन्यात जळकट वास आला. लाकडाचा नाही, कढईत तेल विसरावं तसा. वर स्वयंपाकघरात सगळं बंद होतं. खाली आले तर कोणी नाही, मिस्त्री अंगणात दार घासत बसलेले.

या गृहस्थांना सिगारेटचं व्यसन होतं. चार वर्षांपूर्वी छातीचं दुखणं झालं तेव्हा सोडली म्हणतात. मी त्यांच्या जवळून दोनदा गेले. वास फक्त तेलाचा आला. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वर टिटवी एकटी अभ्यास करत असते, खाली लाकूड, भुसा, तेल, आणि खाली यायला हा एकच जिना. हा विचार आज पहिल्यांदा मनात आला आणि आता जात नाही.

सोमवार, १८ मार्च

सापडलं. पेटीतली फडकी उचलली तर मधली दोन कडक, तपकिरी, पापडासारखी. त्यांच्या खालच्या फडक्याला काळ्या कडेचं भोक, बरोबर सिगारेटच्या टोकाएवढं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

धाकट्याला दाखवलं. त्याने मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भोकात बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाले, हे माझं नाही. एवढंच. ना चिडले, ना शपथ घेतली. खरं बोलणारा माणूस निदान आवाज तरी चढवतो, असं मी म्हटलं. धाकटा म्हणाला, ताई, जाऊ दे. त्याचं सगळं आयुष्य "जाऊ दे" वर चाललंय.

ते फडकं मी पाकिटात घालून ठेवलंय. पेटीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. जिन्याखालची खिडकीही बंद केली, बाहेरून कोणी जळतं थोटुक टाकायला नको. दुपारी खाली नुसतं उकडतं, पण उकाडा परवडला.

धडधड: तीनदा. वेळा लिहायच्या राहिल्या.

शुक्रवार, २२ मार्च

मिस्त्रींना काढलं.

दुपारी दोन पन्नासला पुन्हा वास, या वेळी बरोबर धूर. झुळूकभर, पण धूर. कुलूप काढून झाकण उघडेपर्यंत किल्ली दोनदा पडली. आतला एक कोपरा काळा पडलेला. बादलीभर पाणी ओतलं. मी म्हटलं, आगीशिवाय धूर निघत नाही, आणि आग कोणी लावल्याशिवाय लागत नाही. पेटी भरताना मी होते, मिस्त्री होते, दुसरं कोणी नव्हतं. मी तर लावली नाही.

धाकट्याने त्यांच्याकडे न बघता सांगितलं. मिस्त्रींनी कारखान्याची किल्ली टेबलावर ठेवली, हात पुसले. दारात थांबून माझ्याकडे वळले.

"ताई, मी नसलो तरी एवढं करा. फडकी मोकळी टांगा."

जाता जाता हुकूम. मी दार लावून घेतलं.

गुरुवार, २८ मार्च

सहा दिवस झाले, वासाचं नाव नाही. सुंठीवाचून खोकला गेला. धाकटा आणि मी नुसती टेबलं घासतोय, पॉलिश तसंच पडलंय. नवीन माणूस मिळत नाही. पण घर शांत आहे. काल पहिल्यांदा दुपारी डोळा लागला. धडधड नाही.

रविवार, ३१ मार्च

धडधड: दुपारी चार. इतकी, की जिन्यावर बसावं लागलं.

काल धाकट्याने स्वतः सहा टेबलांना तेल चोळलं. सवय नाही, तेल सांडतो, फडकी भरमसाट वापरतो. तीसच्या वर झाली. मी सगळी चौघडी करून पेटीत दाबून बसवली. आज सुट्टी, कारखाना बंद, आणि दुपारी वास. उघडलं तर मधली फडकी करपलेली. आत कोणी आलंच नव्हतं, निदान मी पाहिलं नाही.

म्हणजे तो येतो. किल्ली परत केली, पण दुसरी करून घेतली असणार. एकतीस वर्षांत त्याला इथला कोपरा न् कोपरा ठाऊक. कुठली फळी करकरते तेही ठाऊक. अशा माणसाला मी दुखावलं. टिटवीला म्हटलं, खोलीत बसून अभ्यास करू नकोस, जिन्याच्या तोंडाशी बस, काही झालं तर पळता येईल. ती म्हणाली, आत्या, तू मला घाबरवतेस. घाबरवतेच आहे. घाबरलेलं माणूस जागं असतं.

कारखान्याचं कुलूप बदललं. वरची झरोक्याची फळीही खिळे ठोकून बंद केली.

बुधवार, ३ एप्रिल

आजच लिहून ठेवते. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

धाकटा लाकूड आणायला गेला होता. पहाटेपासून त्याने चार दारं तेलाने चोळली होती, मी दहा वाजता फडकी पेटीत बंद करून वर आले होते. दोनच्या सुमाराला खाली काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. जिन्यात धूर होता. खाली मिस्त्री. पेटीचा कोयंडा उपटलेला, झाकण उघडं, आणि ते दोन्ही हातांनी पेटती फडकी काढून मागच्या दाराने अंगणात फेकत होते. त्यांच्या हातात आग होती. मी देवाशप्पथ आग पाहिली.

मी ओरडले. समोरचा हार्डवेअरवाला धावत आला, त्याने त्यांना धरलं. त्यांनी अंगसुद्धा सोडवून घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "मला वास आला." टिटवी खोकत खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. तिला छातीशी धरलं आणि मला वाटलं, आता माझं काळीज थांबणार.

पोलीस आले, त्यांना घेऊन गेले. चौकीत साहेबांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत? मी म्हटलं, स्वतः पाहिलं. सही केली. मिस्त्रींचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते. साहेब म्हणाले, आगीशी खेळलं की असंच होतं.

धाकटा संध्याकाळी चौकीवर आला, भिंतीला टेकून उभा राहिला, एक अक्षर बोलला नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

मिस्त्रींची बायको दारात आली होती. मी तिला आत बोलावलं नाही. रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं. "ताई, त्यांच्या हातात काडेपेटी होती का?"

मी म्हटलं, आग होती. ती म्हणाली, आग नाही, काडेपेटी. मी म्हटलं, पोलीस बघतील. ती गेली.

धडधड: ती गेल्यापासून. काडेपेटी मी पाहिली नाही. लायटरही नाही. पण सगळंच कुठे दिसतं?

रविवार, ७ एप्रिल

तारीख नीट लिहिते, कारण ही लागणार आहे.

सकाळी नऊपर्यंत धाकट्याने शेवटची टेबलं चोळली, तयार झालेली टेंपोत घालून तो वाचनालयात गेला. भावजय टिटवीला घेऊन माहेरी. पोलिसांनी पेटी बघून परत दिलेली, कोयंडा नवीन. मी फडकी भरली, नेहमीसारखी. चौघडी, दाबून, झाकण, कुलूप. मग मनात आलं, मिस्त्री आत आहेत, पण त्यांचा कोणी माणूस येईल. म्हणून मागचं दार, पुढचं दार, खिडक्या, सगळ्याला आतून कड्या घातल्या, पाणी भरून बादली ठेवली आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. मांडीवर लाकडाचा दांडका. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दांडका घेऊन.

कोणी आलं नाही. पाल आली. एकपर्यंत मी जागेवरून हलले नाही.

एकच्या पुढे वास सुटला.

मी आधी दारांकडे बघितलं. कड्या जागेवर. मग पेटीला हात लावला. प्लाय गरम होतं. कुलूप काढलं आणि फडक्यांच्या मधे हात घातला. तापाने फणफणलेल्या मुलाचं कपाळ लागावं तसं लागलं, आणि आणखी आत बोटं ठेवता येईनात. पेटी ओढत अंगणात नेली, उलटी केली. गठ्ठा फुटला, वारा लागला, आणि मधल्या फडक्याची कड माझ्यासमोर लाल झाली. कोणी काडी लावली नाही. मी बघत होते. मी एकटीच होते.

पाणी ओतलं. मग तिथेच जमिनीवर बसले.

टिटवीचा आवाज कानात घुमत होता. निघून गेली नाही, साठत राहिली, तर कळेल. तेल वाळतं म्हणजे नुसतं वाळत नाही, हवेशी त्याचं काहीतरी चालतं आणि ऊब सुटते. तारेवर वारा ती घेऊन जातो. पेटीत कोण नेणार? तळाला भुसा कोणी घातला? मी. खिडकी, झरोका कोणी बंद केला? मी. लवकर वाळणारं तेल तेवढं धाकट्याने आणलं. मिस्त्री गेल्यावर सहा दिवस वास नव्हता, कारण सहा दिवस पॉलिशच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. टिटवीच्या जिन्याखाली रोज मी माझ्या हाताने चौघडी करून आग ठेवत होते.

आणि ज्या माणसाने ती उघड्या हातांनी बाहेर काढली, तो आत बसलाय.

आता जे लिहिते ते डॉक्टरीणबाईंनी वाचलं तर वाचोत. पहिला विचार काय आला? कोणी पाहिलेलं नाही. राख झाडावी, तार पुन्हा बांधावी, आणि गप्प बसावं. मिस्त्री सुटतील महिन्या-दोन महिन्यांनी. सांगितलं तर हे घर मला काय म्हणेल? ज्या बाईने मुलीला जाळलं असतं, तिला कोण सोसेल? असं मी पुरतं तासभर बसले होते. तेवढी भीती मला आगीचीही वाटली नव्हती.

धाकटा आल्यावर सांगितलं. तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी मिस्त्रींना मीच बोलावलं होतं. त्यांचा चष्मा राहिला होता. मागचं दार मीच उघडं ठेवलं होतं."

मी विचारलं, चौकीत का नाही बोललास?

"तुला भ्यायलो, ताई."

सोमवार, ८ एप्रिल

चौकीत गेले. साहेब नीट ऐकून घेत होते, मग हसायला लागले. म्हणाले, बाई, फडकी आपोआप पेटत असती तर माझं अर्धं काम कमी झालं असतं. मिस्त्रीच्या घरच्यांनी धमकावलंय का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, सही केलेला जबाब आहे, तुम्ही स्वतः पाहिलंत. मी म्हटलं, पाहिलं ते खरंच होतं, पण मी उलटं पाहिलं. त्यावर त्यांनी दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

मी उठले नाही. म्हटलं, उद्या पेटी घेऊन येते, तुमच्या अंगणात ठेवते. तुम्ही बघा. ते म्हणाले, आणा. चार वाजता माझी ड्यूटी संपते, तोवर पेटली तर पेटली.

मंगळवार, ९ एप्रिल. पोलीस चौकी, मागचं अंगण

वही बरोबर आणलीय. इथेच लिहिते.

११.१०. धाकट्याने पेटी उतरवली. तळाला भुसा. चाळीस फडकी, आज सकाळीच उरलेल्यांपैकी दोन दारं चोळून तेलात भिजलेली. मी सगळ्यांसमोर चौघडी केली. साहेबांनी स्वतः माझी पिशवी तपासली, पेटी तपासली, कुलूप त्यांचं लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. हात लावायला झाकणाला मुठीएवढं भोक पाडलंय.

१२.००. थंड.

१२.४०. थंड. साहेब म्हणाले, मंत्र म्हणायचा राहिला का? बसलेले सगळे हसले. कोणी विचारलं, वहीत काय लिहिता? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय.

१.१५. थंडच. धडधड: चालूच आहे, वेळ काय लिहू. महिनाभर जिन्यात वास येऊ नये म्हणून देवाचा धावा केला, आज पेट म्हणून करतेय. पेटली नाही तर मिस्त्री आतच राहतील आणि मी वेडी ठरेन. वेडी ठरले तर चालेल. रविवारपेक्षा आज फडकी सैल दाबली का? पेटी सावलीत आहे म्हणून? धाकट्याला सांगून उन्हात सरकवली.

१.५०. कोमट वाटतंय. माझाच हात तापला असेल. महिला शिपायाला हात घालायला लावला. ती म्हणाली, कोमट आहे. मग म्हणाली, उन्हाने असेल.

२.२०. गरम. उन्हाने नाही, झाकणापेक्षा आत जास्त गरम. तिने साहेबांना हाक मारली. ते आले नाहीत.

२.४०. पहिल्या अडीच तासांत काहीच नाही, पुढच्या अर्ध्या तासात एवढं, आणि आता या वीस मिनिटांत त्याच्या दुप्पट. टिटवी, तुझं पुस्तक बरोबर आहे ग. हात आत ठेवता येत नाही.

पुढचं घरी येऊन लिहितेय.

तीनला काहीच दिसत नव्हतं. धूर नव्हता, आम्हाला कोणाला वासही नव्हता. तेवढ्यात आतल्या कोठडीतून आवाज आला. मिस्त्रींचा. ते गज वाजवत होते, त्या हातांनी.

"ताई! कोण आहे तिकडे? ताईंना सांगा, फडकी मोकळी करा! लवकर मोकळी करा!"

आम्ही काय मांडलंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त वास आला होता. त्यांना वाटलं, मी कुठेतरी जळतेय.

साहेब बाहेर आले. भोकातून निळसर रेष निघायला लागली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली, झाकण उघडलं, आणि गठ्ठ्याच्या पोटात लाल डोळा उघडल्यासारखा निखारा दिसला. महिला शिपायाने बादली ओतली. साहेबांनी काठीने तो चिखल उकरून पाहिला. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मग म्हणाले, "तुमचा जबाब पुन्हा लिहून घेऊ."

मी लिहिलं, फडकी मी ठेवली होती. सही केली. मिस्त्री बाहेर आले, दोन्ही हात पट्ट्यांत. मी सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी वाकले तर ते मागे सरले.

"तुम्ही पाहिलं ते सांगितलंत, ताई," ते म्हणाले. "मलाही कारण माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं, मी टांगत गेलो."

गुरुवार, ११ एप्रिल

तार पुन्हा बांधली. अध्यक्ष हसले तर हसोत.

काल दिवसभर बाबांचा हात डोळ्यांपुढे होता. चहाच्या पातेल्याने कोपरापासून मनगटापर्यंत कोणी भाजत नाही. बाबांनीही कधीतरी पेटीत फडकी ठेवली असणार, आणि भोगलं असणार. पण चूक सांगायची लाज वाटली म्हणून थट्टा केली आणि नुसती रीत मागे ठेवली. कारण सांगितलं असतं तर मी ती मोडली नसती. निदान मिस्त्रींकडे मला द्यायला उत्तर असतं.

म्हणून तारेजवळ पाटी लावली. मी सांगितलं, टिटवीने मोठ्या अक्षरांत लिहिलं: तेलाची फडकी एकत्र ठेवली की आतल्या आत तापतात आणि पेटतात. ताईने ठेवली होती, पेटली. ताईचं नाव नको, असं भावजय म्हणाली. मी म्हटलं, नाव असू दे. टिटवीचं अंथरूण आता भावजय स्वतःच्या खोलीत घालते. घालू दे.

मिस्त्री आज आले. तीन महिने ब्रश धरता येणार नाही, असं दवाखान्यात सांगितलंय. अंगणात खुर्चीवर बसून ते सांगतात, मी तेल चोळते. संध्याकाळी फडकी एकेक करून टांगली. दोन एकमेकांना चिकटली होती तर म्हणाले, अंतर ठेवा. मी ठेवलं.

जाताना त्यांच्यापुढे कारखान्याची किल्ली धरली. म्हटलं, पूर्वीसारखी तुमच्याकडेच राहू दे.

त्यांनी पट्टीतले हात पाठीमागे घेतले. "कामाला येईन, ताई. किल्ली नको. परत काही झालं तर?"

मी हात तसाच धरून उभी राहिले. ते गेले.

धडधड: संध्याकाळी सहा वीस. उद्या वही डॉक्टरीणबाईंना दाखवायची आहे. त्यांना नुसत्या वेळा हव्यात, पण मी एकही पान फाडणार नाही.